ठेवणीतला कान

माझी माय वांग्याच्या झाडांशी बोलायची. आदिलाबादजवळ, मावल्याच्या बाजूला आमची भाजीची वाडी होती, वाडीत विहीर होती, विहिरीवर मोटार होती, आणि या सगळ्यांशी मायचं दिवसभर काही ना काही चालू असायचं. मोटार सुरू झाली नाही की तिला शिव्या, झाली की तिचं कौतुक. म्हशीला तर आदल्या दिवशीच्या बाजारात काय काय झालं ते सगळं ऐकावं लागायचं. बाबा अगदी उलट. दिवसभरात त्यांच्या तोंडून जेवढे शब्द निघत, तेवढे माय दारातून विहिरीपर्यंत जाताना संपवायची. अशा बाईच्या पोटी ऐकू न येणारी लेक जन्मावी, याचा मला आजही राग येतो. कोणाचा, ते सांगता येत नाही.

धाकटी बहीण माझ्याहून बरीच लहान. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर ती झाली तेव्हा मी शाळेत जाणारी, दोन वेण्या घालणारी मुलगी होते. वाडीच्या कडेला ज्वारीचा पट्टा होता. कणसं भरली की पोपट उतरायचे आणि त्यांना हाकलायचं काम शाळा सुटल्यावर माझ्याकडे असायचं. तेलाचा रिकामा डबा आणि एक काठी, एवढंच हत्यार. तिथेच लिंबाच्या फांदीला धाकटीची झोळी टांगलेली असायची. मी तिच्या उशाशी उभी राहून डबा बडवायची, पोपट भर्रकन उडून जायचे, लांबच्या बांधावरची कुत्री भुंकायला लागायची, आणि धाकटी शांत झोपलेली. पापणीसुद्धा हलायची नाही.

मायला त्याचा केवढा अभिमान! येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "लय गुणाची पोर हाय माही. आभाय कोसळलं तरी उठत नाही."

पुढे ती चालायला लागली, पळायला लागली, पण बोलेना. तेव्हा सगळ्यांनी मिळून ठरवलं की ही बापावर गेली. बाबा हसायचे. शेवटी तामसीहून आत्या आली होती, तिनं एक दिवस धाकटीच्या पाठीमागे उभं राहून जोरात टाळी वाजवली. मग पितळी ताट आपटलं. धाकटी मातीत बोटं घालून खेळतच राहिली. आत्या हळूच म्हणाली, "वयनी, हे पोट्टी आयकत नाही वं."

माय आत्या परत जाईपर्यंत तिच्याशी बोलली नाही. आणि मला नंतर लक्षात आलं, त्या दिवसापासून ती धाकटीशीही बोलेनाशी झाली. म्हणजे न्हाऊ-माखू घालायची, भरवायची, तळहाताच्या फोडासारखी जपायची, पण तोंड बंद. वांग्यांशी बोलणारी बाई स्वतःच्या लेकीसमोर बसली की मुकी व्हायची. "आयकतच नाही त काय बोलू?" असं एकदा बाबांना म्हणाली होती.

मग कॅम्प आला. शहरातल्या एका शाळेच्या मैदानात मांडव घातला होता, हैदराबादहून माणसं आली होती, ऐकू न येणाऱ्यांना मशीन फुकट देणार होती. बाबांनी धाकटीला खांद्यावर घेतलं आणि आम्ही चौघंही गेलो. आदिलाबादेत बहिरी माणसं एवढी आहेत, हे मला त्या दिवशी कळलं. म्हातारेकोतारे, तरणीताठी माणसं, कडेवरची पोरं. रांगेत कोणी बोलत नव्हतं. मांडवातली ती शांतता अजून आठवते.

धाकटीला जे मिळालं ते म्हणजे काडेपेटीपेक्षा थोडी मोठी एक डबी. ती कापडी पिशवीत घालून छातीवर बांधायची, तिच्यातून एक तार निघायची आणि तारेच्या टोकाचं बटण कानात बसवायचं. तिथल्या एका तरुण बाईनं ते धाकटीला घातलं, डबीवरचं चाक फिरवलं आणि मायला समोर बसवून म्हणाली, "अब बुलाओ."

मायच्या तोंडून शब्द फुटेना. सगळे तिच्याकडे बघत होते. शेवटी ती कशीबशी म्हणाली, "माय वं माही."

धाकटी एकदम ताठ झाली. तिनं मायच्या डोळ्यांत पाहिलं नाही, तोंडाकडे पाहिलं. मग हात पुढे करून मायच्या गळ्यावर पंजा ठेवला. आवाज निघतो ती जागा तिला कोणी दाखवली नव्हती. माय पुन्हा म्हणाली, "माय वं माही," आणि धाकटी खुदकन हसली. पंजा तसाच. मग मायला इतकं रडू आलं की पुढे बोलताच येईना, आणि ती तरुण बाई म्हणत राहिली, "बोलो ना, बोलते रहो. सुबह उठते ही मशीन लगाना, सोते टाइम निकालना. और इससे बोलते रहना." मायनं डोळे पुसत मान हलवली. मागच्या माणसानं रांगेतून आवाज दिला आणि आम्ही उठलो.

घरी आल्यावर मायनं पहिलं काम काय केलं, तर हात स्वच्छ धुऊन मशीन काढलं, बाबांच्या जुन्या पांढऱ्या धोतराचा मऊ तुकडा फाडला, त्यात ते गुंडाळलं आणि पेटीत ठेवलं. आमच्या घरात एक लोखंडी पेटी होती. तिच्यात मायचं लग्नातलं लुगडं, चांदीचे कडे, बाबांचा कोट आणि कडुलिंबाची वाळलेली पानं असायची. घरात जे जे मोलाचं ते ते त्या पेटीत. तिथे जाण्याइतकं मोलाचं घरात फारसं काही येतच नसे. मशीन आलं, ते सरळ लुगड्याच्या घडीत गेलं.

बाबा म्हणाले, "रोज घालून दे म्हणली होती ते बाई."

"रोज?" माय म्हणाली. "पोट्टी दिवसभर वाफ्यात लोळते. पाण्यात जाते. तार तुटली, पानी गेलं, त दुसरं कोण देईन? तुमी देसान?"

बाबा मोटार बघायला निघून गेले. मला तर ते बरोबरच वाटलं. आमच्याकडे चांगली वस्तू अशीच वापरतात. नवा फ्रॉक सणाला, कडे लग्नाला, स्टीलची ताटं पाहुण्यांना. रोजच्याला जुनं, फुटकं, पोचे आलेलं. चांगली वस्तू रोज वापरणारी बाई म्हणजे उधळी, असं सगळी आळी म्हणायची. त्या तरुण बाईनं मायला मशीन दिलं आणि वापरायचं कसं ते एका वाक्यात सांगितलं. मायला जे आयुष्यभर शिकवलं होतं ते मात्र याच्या उलट होतं, आणि ते एका वाक्यात पुसलं जाणार नव्हतं. कोणी परत येऊन पाहिलं असतं तर! एकदा, फक्त एकदा घरी येऊन विचारलं असतं. पण मांडव उठला तो उठलाच. माझा खरा राग त्यावर आहे. मशीनं वाटली की त्यांचं काम संपलं, फोटो निघाले, माणसं गाडीत बसून गेली.

तर मशीन निघायचं ते सणासमारंभाला. कोणाच्या लग्नाला जायचं असलं की माय धाकटीला न्हाऊ घालायची, नवा फ्रॉक, काजळ, आणि शेवटी पेटीतून मशीन. पिशवी फ्रॉकच्या आत घालायची असते, पण माय ती वरून बांधायची, सगळ्यांना दिसावी म्हणून. पहिल्या लग्नात बायका गोळा झाल्या होत्या. "हैदराबादचं हाय," माय सांगत होती. इतक्यात नवरदेव आला आणि बँड सुरू झाला.

धाकटी किंचाळली. तसं किंचाळणं मी पुन्हा ऐकलं नाही. तिनं कानातलं बटण ओढून काढलं आणि मायच्या पदरात तोंड खुपसलं. पुढच्या वेळी जत्रा होती, ढोल होते. त्याच्या पुढच्या वेळी पुन्हा लग्न. वय वाढत होतं, कान वाढत होता, बटणाचा साचा तेवढाच राहिला. तो सैल बसायचा आणि मशीन शिट्टी मारायचं, मग पोरंटोरं हसायची. पेटी उघडल्याचं पाहिलं तरी धाकटी वाडीत पळून जायला लागली. खाणाखुणांची आमची एक भाषा झाली होती. दोन्ही हातांनी वेण्या ओढल्यासारखं केलं की ती मी. डोक्यावर हात गोल फिरवला की पागोटेवाले बाबा. आणि पोटावर ढोल बडवल्यासारखं करून कान झाकले की ते मशीन.

माय म्हणायची, "सोसत नाही तिले मशीन."

हे मला किती उशिरा समजलं! धाकटीनं जगातले आवाज ऐकले ते एवढेच, बँड, ढोल, फटाके आणि मांडवातला कालवा. चुलीवर भाकरी थापल्याचा आवाज नाही, मोटारीच्या पाण्याचा नाही, बांगड्यांचा नाही. आणि मायचा फक्त त्या कॅम्पातल्या एका दुपारी.

दसऱ्याला आमच्याकडे खुरपी, विळे, फावडी, तराजू, मोटारीचा स्टार्टर यांची पूजा होते. मायनं त्या रांगेत मशीनही मांडलं. हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, हात जोडले. डबीला वरच्या बाजूला, आवाज आत जाण्यासाठी, बारीक भोकांची जाळी होती. हळद तिच्यात जाऊन बसली. बाबांनी फुंकर मारून पाहिली, सगळी निघाली नाही. त्या दिवशी माय देवासमोर बराच वेळ बसून होती. तिनं काय मागितलं ते सगळ्यांना माहीत होतं.

शाळेत धाकटी फार दिवस टिकली नाही. मास्तर तेलुगूत शिकवायचे, आम्हा ऐकणाऱ्यांनाही पहिली दोन वर्षं कळायचं नाही. अशा मुलांची शाळा हैदराबादेला आहे, असं कोणी सांगितलं, पण एवढीशी पोर परगावी ठेवायला मायचं काळीज तयार झालं नाही. धाकटी वाडीत रमली. सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या तिच्यासारख्या कोणाला जमायच्या नाहीत. आणि माय तिच्या शेजारी बसून वांग्यांशी बोलायची.

नव्वद साल उलटून गेल्यावर माझं लग्न झालं आणि मी बेल्लमपल्लीला आले. नवरा कोळशाच्या खाणीत कामाला. क्वार्टरच्या भिंतीला भिंत लागून एक तेलुगू कुटुंब होतं आणि त्यांची छोटी मुलगी दारात खेळायची. एक दिवस ती माझ्याकडे वळून "अक्का" म्हणाली. आवाज सपाट होता, थोडा नाकातून आलेला, पण स्वच्छ "अक्का". तिच्या छातीवर तीच डबी होती.

तीच, पण काय अवस्था! कोपरे झिजलेले, काळी चिकटपट्टी गुंडाळलेली, पिशवीला कोळशाची धूळ आणि सांडलेल्या भाताचे डाग. तार दोनदा बदललेली. मी बघतच राहिले. तिची आई म्हणाली, सकाळी पोरीनं डोळे उघडायच्या आधी मी घालते, तिला झोप लागल्यावर काढते, आणि दिवसभर तिच्याशी बडबड करते, घसा दुखेपर्यंत. वर म्हणाली, आता हैदराबादेत ऑपरेशन निघालंय, कानाच्या आत, हाडात मशीन बसवतात, अगदी ठार बहिऱ्यांनाही ऐकू येतं.

मी घरात जाऊन दार लावून रडले. दुःखानं नाही, आशेनं. महिनाभरात मायला आणि धाकटीला बेल्लमपल्लीला बोलावून घेतलं आणि आम्ही तिघी हैदराबादच्या गाडीत बसलो. धाकटी आता माझ्या खांद्याला लागली होती. खिडकीशी बसून ती दिसेल त्याची खूण करून मला दाखवत होती. मायच्या मांडीवर पिशवी होती, पिशवीत धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं मशीन.

दवाखान्यातल्या बाईंनी धाकटीला काचेच्या खोलीत बसवून तपासलं. मग आम्हाला आत बोलावलं आणि विचारलं, आधी मशीन होतं का. माय याचीच वाट बघत होती. तिनं फडकं सोडलं, मशीन दोन्ही हातांनी टेबलावर ठेवलं आणि हिंदीत म्हणाली, "देखो बाई, एक दाग नहीं लगने दिया."

खरंच नव्हता. डबी नव्यासारखी चकाकत होती. बाईंनी ती उचलली, उलटसुलट केली. जाळीत पिवळं काही दिसलं तेव्हा टाचणीनं टोकरून बघितलं, बोटावर घेतलं आणि थांबल्या. हळद ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. त्यांनी मायकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे वळून तेलुगूत विचारलं, "रोजू पेट्टेवारा?"

रोज घालत होता का? मी नाही म्हणून मान हलवली.

मग त्या हळू आवाजात, तेलुगूतच बोलत राहिल्या. लहानपणी आवाज कानावर पडत राहिले तरच मेंदू त्यांचा अर्थ लावायला शिकतो. ते वय निघून गेलं. या मशीननं थोडा का होईना आवाज रोज गेला असता तर नव्या ऑपरेशनचा उपयोग झाला असता. आता आत मशीन बसवलं तरी तिला फक्त गोंगाट येईल, बोलणं समजणार नाही. हे सांगताना त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, मलाही भांडता आलं असतं. ऑपरेशन आमच्यासारख्यांना कसं झेपणार होतं, हा प्रश्न मी वाटभर उगाळला होता. तो विचारायची वेळच आली नाही.

माय फडक्याची घडी घालत बसली होती. बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "काय म्हणली वं?"

मायचं तेलुगू बाजारापुरतं, असं आम्ही घरात धरून चाललो होतो. मी म्हटलं, "कानाची नसच सुकेल हाय म्हणते. जल्मापासूनच. कोणाच्या हातचं नव्हतं."

मायनं पिशवीची गाठ आवळली. धाकटी माझ्या वेण्या ओढल्याची खूण करून विचारत होती, काय झालं, आता कुठे जायचं. मी घराची खूण केली. तिला आनंद झाला. परतीच्या गाडीत ती झोपली आणि माय खिडकीबाहेर बघत राहिली. एवढ्या प्रवासात ती कोणाशी, अगदी समोरच्या बाईशीही, बोलली नाही.

आता तान्ह्या बाळाच्या कानाशी यंत्र लावून पाहतात, लहान वयातच ऑपरेशनं होतात, सरकारही मदत करतं, असं वाचते तेव्हा चांगलं वाटायला हवं. वाटतंही. पण आधी लुगड्याच्या घडीतली ती डबी आठवते, चांगलं वाटणं मागून येतं.

हैदराबादहून परतल्यानंतरच्या हिवाळ्यात मी माहेरी गेले. सकाळचं कोवळं ऊन होतं, बाजाराला जायची घाई होती, माय आणि धाकटी विहिरीजवळ बसून सांबाराच्या जुड्या बांधत होत्या. धाकटीच्या छातीवर मशीन होतं. रोजच्या, चिखलाच्या फ्रॉकवर. पिशवी मळली होती, कानात बटण होतं, आणि माय बोलत होती. जशी वांग्यांशी बोलायची तशी, अखंड. काल भाव कसा पडला, म्हैस कशी आटली, आत्याच्या सुनेनं काय केलं. धाकटी तिच्या तोंडाकडे बघत मान हलवत होती, मधूनच हसत होती.

माझा आनंद क्षणभरच टिकला. जवळ जाऊन बसले तेव्हा डबीवरचं चाक दिसलं. ते बंद होतं. मी ते फिरवायला हात नेला तर धाकटीनं माझं मनगट धरलं. दुसऱ्या हातानं पोटावर ढोल बडवला, कान झाकला, मान हलवली.

"माय," मी हळूच म्हटलं, "मशीन बंद हाय."

"मालूम हाय मले." मायनं हातातली जुडी बांधून टोपलीत टाकली. सेलांना आमच्याकडे मसाला म्हणतात. ती म्हणाली, "आतमधी मसालाच नाही. मीच काढून टाकला. ठणकते तिले."

"मंग काऊन घालून राह्यली रोज?"

तिनं पुढची जुडी घेतली. काड्या सारख्या केल्या. माझ्याकडे न बघता म्हणाली, "रोजू पेट्टेवारा. असं पुसलं व्हतं नं त्या बाईनं तुले? बाजारात जलम गेला माहा, एवढं तेलुगू समजत नाही काय मले? समदं समजलं मले त्या दिवशी. तू नशीचं सांगतलं, मी आयकून घेतलं. तुले बरं वाटावं म्हणून."

धाकटी आमच्या दोघींच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत होती.

"आता तिले आयकू येत नाही, हे मालूम हाय," माय म्हणाली. "पण ते छातीवर दिसलं का मले बोलता येते तिच्याशी. नसलं का माहं तोंडच उघडत नाही वं."

तिचा आवाज फाटला. धाकटीला तो ऐकू आला नाही, पण चेहरा दिसला. तिनं हातातला सांबार खाली ठेवला, मातीचा हात फ्रॉकला पुसला आणि मायच्या गळ्यावर पंजा ठेवला, त्या मांडवात ठेवला होता तसाच. मग हनुवटी उचलून खूण केली, बोल.

माय पदरानं नाक पुसून पुन्हा बोलायला लागली. म्हैस, भाव, आत्याची सून. धाकटीनं बाजाराची वेळ होईपर्यंत हात काढला नाही, आणि उरलेल्या जुड्या मी बांधल्या.